जीपला दम कुठून येतो? कमी पैशांत बदललेल्या हेडची गोष्ट

हे आपल्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले "अं…" आणि "म्हणजे कसं ना" काढून टाकलेत. बाकी जवळपास जसं बोललो तसंच.

माझं आजोळ दिंडोरीच्या बाजूला. तिथे द्राक्षाच्या शेडमागे एक जीप पाच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोल. आजोबांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा माझी आई शाळेत होती. द्राक्षाच्या पेट्या तिच्यातून नाशिकला गेल्या, रात्री-अपरात्री गावातल्या बाळंतिणी तिच्यातूनच दवाखान्यात गेल्या. शेवटची काही वर्षं आजोबा एकच वाक्य म्हणायचे, "गाडी चांगलीये रे, फक्त दम गेलाय तिचा."

आजोबा गेल्यानंतर मामाने माझ्यासमोर तीन पर्याय ठेवले. एक, भंगारवाला, रोख ३५,००० रुपये. दोन, पेट्रोल इंजिन काढून जुनं डिझेल बसवायचं, खर्च दीड लाखाच्या घरात, वर आरटीओच्या चकरा वेगळ्या. तीन, आहे तेच इंजिन पुन्हा उभं करायचं. पण त्यासाठी मामाचा खिसा २५,००० च्या वर जायला तयार नव्हता. "दिवाळीपर्यंत चालती कर. नाही जमलं तर मी भंगारवाल्याला फोन लावतो," असं तो म्हणाला.

मी कम्प्युटरवाला. इंजिन म्हटलं की मला आधी सर्च इंजिन आठवतं. पण २५,००० मध्ये काय होतं ते शोधता शोधता मला या इंजिनाचा इतिहासच सापडला. आणि गंमत अशी की कमी पैशांत जुन्या इंजिनाचं हेड सुधारायचं, हा जो प्रश्न माझ्यासमोर होता, त्याच प्रश्नातून हे इंजिन जन्माला आलं होतं. म्हणून हा एपिसोड.

आधी थोडं शरीरशास्त्र

इंजिनाचे ढोबळ दोन भाग करा. खाली ब्लॉक, म्हणजे धड. त्यात सिलेंडर, पिस्टन, क्रँक. वर हेड, म्हणजे डोकं. पिस्टनच्या वरची जी जागा आहे, जिथे पेट्रोल आणि हवा दाबली जाते आणि पेटते, तिचं छप्पर म्हणजे हेड. हवा आत येणं आणि धूर बाहेर जाणं व्हॉल्वमधून होतं.

आमच्या जीपचं इंजिन चार सिलेंडरचं, २.२ लिटरचं. म्हणजे एका सिलेंडरला ५५० सीसी. ४,००० आरपीएमला क्रँकचा अर्धा फेरा साडेसात मिलिसेकंदांत होतो. ढोबळमानाने तेवढ्याच वेळात सिलेंडरने अर्धा लिटर हवा आत ओढायची. माझ्या कामात साडेसात मिलिसेकंदांत सर्व्हरने उत्तर दिलं तर आम्ही खूश होतो. इथे तेवढ्यात एक आख्खा श्वास घ्यायचाय! व्हॉल्व लहान असेल, वाट वाकडी असेल, तर श्वास अर्धवट राहतो. हवा कमी म्हणजे जाळता येणारं पेट्रोल कमी, म्हणजे ताकद कमी. आजोबांचा "दम" हा शब्द इंजिनिअरिंगच्या भाषेतही अगदी बरोबर होता.

जुन्या गाड्यांमध्ये व्हॉल्व हेडमध्ये नसायचेच. ते सिलेंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्ये उलटे उभे असायचे. हेड म्हणजे वरून बसवलेलं नुसतं लोखंडी झाकण. याला फ्लॅटहेड म्हणतात. बनवायला स्वस्त, दुरुस्तीला सोपं. पण हवा खालून वर येणार, मग आडवी वळून सिलेंडरमध्ये शिरणार. मुंबई नाक्यावर वळसा घालून उलट बाजूला जायचं असतं ना, तसं.

या झाकणात सुद्धा अक्कल घालता येते, हे दाखवलं हॅरी रिकार्डो या ब्रिटिश इंजिनिअरने. साल १९१९ च्या आसपास. त्याने झाकणाचा आतला आकार बदलला. पिस्टनच्या बऱ्याचशा भागावर छप्पर अगदी खाली आणलं आणि मोकळी जागा व्हॉल्वच्या बाजूला ठेवली. पिस्टन वर आला की मधलं मिश्रण चेपून जोरात बाजूला फेकलं जायचं, घुसळायचं आणि भराभर जळायचं. ब्लॉक तोच, क्रँक तोच, फक्त झाकण नवीन. बऱ्याच कंपन्यांनी त्याची ही युक्ती उचलली.

हे नाव लक्षात ठेवा. रिकार्डो आपल्याला पुढे इगतपुरीत परत भेटणार आहे.

पैसे नसलेली कंपनी

आता अमेरिकेत जाऊ, ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात. तिथे विलीस-ओव्हरलँड ही कार कंपनी होती. १९२६ मध्ये तिने व्हिपेट नावाची छोटी, स्वस्त कार काढली. तिचं इंजिन चार सिलेंडर, फ्लॅटहेड, १३४ क्युबिक इंच. हा आकडा आपल्या गोष्टीत शेवटपर्यंत बदलत नाही, कारण १३४ क्युबिक इंच म्हणजेच आपले २.२ लिटर.

मग मंदी आली. १९३३ मध्ये विलीस दिवाळखोरीत गेली. कशीबशी सावरली, पण नवीन इंजिन बनवायला पैसा कुठून आणायचा? १९३८ मध्ये तिथे डेलमार रूस नावाचा चीफ इंजिनिअर आला. सगळे त्याला बार्नी रूस म्हणत. त्याच्या हातात आलं ते हेच व्हिपेटच्या घराण्यातलं जुनं इंजिन. ताकद ४८ हॉर्सपॉवर, आणि जास्त वेळ जोरात पळवलं तर टिकायचं नाही.

रूसने ते फेकलं नाही. एकेक भाग घेऊन बसला. टॉलरन्स घट्ट केले, धातू सुधारले, पिस्टन ॲल्युमिनियमचे आणि हलके केले. असं करत करत ते इंजिन ६० हॉर्सपॉवरपर्यंत नेलं. आमच्या धंद्यात याला रिफॅक्टरिंग म्हणतात: जुना कोड न फेकता आतून नीट करायचा. कुणी टाळ्या वाजवत नाही, पण कंपनी त्याच्यावर चालते.

१९४० मध्ये अमेरिकी सैन्याला एक छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी हवी होती. पहिला नमुना बॅण्टम कंपनीने दिला. विलीस आणि फोर्डही शर्यतीत होते. विलीसची गाडी ठरलेल्या वजनापेक्षा जड निघाली. सोपा उपाय होता: इंजिन हलकं घ्या. रूसने इंजिनाला हात लावू दिला नाही, बाकीच्या गाडीचं वजन कमी केलं. बोल्ट कमी लांबीचे, पत्रा पातळ, रंगाचा थरसुद्धा मोजून. कारण प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या पंचेचाळीस-सेहेचाळीस हॉर्सपॉवरच्या होत्या आणि याच्याकडे ६० होते. शेवटी विलीसचं डिझाइन पक्कं झालं. फोर्डनेही त्याच डिझाइनवर गाड्या बनवल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप काढल्या. त्या प्रत्येक जीपच्या बॉनेटखाली व्हिपेटच्या घराण्यातलं ते जुनं इंजिन होतं.

आणि इथे आपला माणूस येतो. कैलासचंद्र, म्हणजेच के. सी. महिंद्रा. युद्धकाळात ते इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तिथे त्यांची भेट बार्नी रूसशी झाली. ही गाडी भारतातल्या रस्त्यांसाठी, खरं तर रस्ते नसलेल्या भारतासाठी, चालेल ही कल्पना तिथली. २ ऑक्टोबर १९४५ ला महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी सुरू झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. १९४७ मध्ये ७५ गाड्यांचे सुटे भाग विलीसकडून आले होते. त्यानंतर मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात झाली.

बारा हॉर्सपॉवर कुठून आले?

युद्धानंतर विलीसला पुन्हा जास्त ताकद हवी होती आणि पुन्हा खिसा तंगच होता. १९५० मध्ये रूसने शेवटचा मोठा डाव टाकला. बोअर तीच, स्ट्रोक तोच, १३४ क्युबिक इंच तेच. एक्झॉस्ट व्हॉल्वही जुन्याच जागी, ब्लॉकमध्ये. फक्त इनलेट व्हॉल्व तिथून उचलून वर हेडमध्ये नेला.

यात दोन फायदे झाले. एक, हवा आता वरून सरळ सिलेंडरवर उतरायला लागली. दोन, शेजारी-शेजारी दाटीवाटीने बसलेल्या दोन व्हॉल्वपैकी एक उठून गेल्यावर त्याला पाय पसरायला जागा मिळाली. जुना इनलेट व्हॉल्व दीड इंचाहून किंचित मोठा होता, नवीन चक्क दोन इंचांचा. व्यासातला फरक छोटा वाटतो, पण क्षेत्रफळ काढून बघा. वर्गात जातं ते. दार सुमारे ७० टक्क्यांनी मोठं झालं.

अशा रचनेला एफ-हेड म्हणतात, कारण उभा छेद काढला तर आकृती इंग्रजी एफसारखी दिसते. रोव्हर आणि रोल्स-रॉइसनेही अशी इंजिनं बनवली होती. विलीसने याला नाव दिलं हरिकेन. कॉम्प्रेशन ६.४८ वरून ६.९ झालं, आणि ताकद ६० वरून ७२ हॉर्सपॉवर.

आता इथे एक मिनिट थांबा, कारण मला सगळ्यात जास्त मजा या आकड्यांत आली. ताकद वाढली २० टक्के. पण टॉर्क, म्हणजे क्रँक पिळणारा जोर, १०५ वरून ११४ पाउंड-फूट. फक्त आठ-नऊ टक्के. असं का?

टॉर्कचा तो आकडा २,००० आरपीएमचा आहे. तिथे श्वास घ्यायला पंधरा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात लहान दारातूनही बऱ्यापैकी हवा येते. त्यामुळे दार मोठं केल्याचा फायदा थोडा, कॉम्प्रेशनचाही थोडा. पण ४,००० ला साडेसातच मिलिसेकंद आहेत. तिथे लहान दाराबाहेर रांग लागते आणि मोठं दार खरं कामाला येतं. म्हणजे हे दोन आकडे शेजारी ठेवले की दिसतं, रूसने मुख्यतः श्वास विकत घेतला होता.

किंमत काय मोजली? उंची. हेडवर आता रॉकर आले, इंजिन उंच झालं. जुन्या बॉनेटखाली ते बसेना. मग १९५३ च्या सीजे-३बी ला बॉनेटच उंच केलं. लहानपणी मला वाटायचं की आजोबांच्या जीपचं नाक मुद्दाम असं रुबाबदार केलंय. ते नाक म्हणजे सुधारलेल्या हेडसाठी करून दिलेली जागा होती! आणि हीच उंच नाकाची जीप महिंद्राने भारतात वर्षानुवर्षं बनवली. १९६७ पर्यंत तिच्यातले ९७ टक्के भाग देशी झाले होते. अमेरिकेत जीपमधून हे इंजिन १९७१ मध्ये निवृत्त झालं. आपल्याकडे त्यानंतरही बराच काळ चालत राहिलं.

कार्बोरेटरखालचा बोल्ट

आता परत दिंडोरीच्या शेडमागे.

इतिहास वाचून माझं ठरलं होतं: पैसे हेडवर लावायचे. आधी चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. १००, ९५, ६० आणि १०५. म्हणजे तिसरा मेलेला, बाकीचे आजारी. बोअर मात्र मोजल्यावर ठीक निघाली, नव्या रिंगांवर भागणार होतं. हे नशीब. बोअर गेली असती तर २५,००० तिथेच संपले असते.

मग हेड काढायला बसलो. सगळे बोल्ट काढले, हेड हलेना. लाकडी हातोड्याने ठोकलं, हलेना. पहारीने उचकटावं असं मनात आलं होतं. नशीब, त्याआधी हेडचं काम करणाऱ्या चाचांना फोन केला. द्वारकेकडे त्यांचं छोटं दुकान आहे, एक फेसिंग मशीन, एक सीट कटरचा डबा आणि चाळीस वर्षांचा अनुभव. ते हसले आणि म्हणाले, "बेटा, कार्बोरेटर काढ आणि त्याच्या भोकात बघ."

या हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या बरोबर खाली, हवेच्या वाटेत लपलेला असतो. कारण रूसने इनलेट मॅनिफोल्ड वेगळा ठेवलाच नाही, हेडच्याच ओतकामात घेतला. एक पार्ट वाचला, एक गॅस्केट वाचलं. आणि त्याच्या बदल्यात सत्तर वर्षं जगभरचे नवशिके तो एक बोल्ट विसरून हेडवर हातोडे मारतायत. मी त्यातलाच एक.

हेड चाचांकडे नेलं. मी तोवर हेड पोर्टिंगचे चिकार व्हिडिओ बघितले होते. पोर्टिंग म्हणजे हवेच्या वाटा आतून घासून मोठ्या करणं. मी चाचांना म्हटलं, पोर्ट मोठे करू, ८५-९० हॉर्सपॉवर काढू. ते काही बोलले नाहीत. कोपऱ्यातलं एक चीर गेलेलं जुनं हेड माझ्यासमोर ठेवलं, हातात ग्राइंडर दिला. "आधी याच्यावर कर."

व्हॉल्वच्या गळ्यातून आत शिरलो. वीस मिनिटं छान चाललं. मग एका ठिकाणी चकाकतं लोखंड अचानक काळं झालं आणि सुपारीएवढं भोक पडलं. पलीकडे पाण्याची वाट होती. ओतकाम करताना आतला वाळूचा गाभा थोडा जरी सरकला तरी भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होते. बाहेरून काहीच कळत नाही. ते भोक आजोबांच्या हेडला पडलं असतं तर गोष्ट भंगारवाल्याच्या फोनवर संपली असती. मी ग्राइंडर खाली ठेवला. चाचा म्हणाले, "मोठं नाय करायचं. साफ करायचं."

मग आम्ही जे केलं ते सांगतो, कारण कमी बजेटमध्ये कुठल्याही जुन्या लोखंडी हेडला हेच लागू पडतं.

पहिलं, चिरा तपासल्या. लाल रंगाचं पातळ द्रव लावायचं, पुसायचं, वर पांढरी पावडर. चीर असेल तर लाल रेष उमटते. चीर असलेल्या हेडवर पुढचा एक रुपयाही घालू नये, म्हणून हे सगळ्यात आधी.

दुसरं, गाइड आणि सीट. व्हॉल्व ज्या नळीत वर-खाली होतो ती गाइड झिजलेली असेल तर व्हॉल्व डुगडुगतो आणि सीटवर नीट बसतच नाही. नवीन गाइड घातल्या. मग सीट तीन कोनांत कापली: जिथे व्हॉल्व बसतो तिथे ४५ अंश, त्याच्या वर ३० आणि खाली ६०. एकाच टोकदार कडेऐवजी हवेला तीन उतारांची वळणदार वाट मिळते. माझ्या मते आख्ख्या कामात पैशाचं सगळ्यात जास्त मोल इथे वसूल झालं.

तिसरं, गळा. सीटच्या लगेच खाली ओतकामाच्या कडा आणि खडबडीत उंचवटे राहिलेले असतात. हवेचा सगळ्यात अरुंद मार्गही तिथेच. तेवढेच उंचवटे हाताने गुळगुळीत केले. पुढे आत गेलो नाही. आरशासारखं पॉलिशही केलं नाही. इनलेटच्या वाटेत थोडा खरखरीतपणा चालतो.

चौथं, मोजमाप. सरळपट्टी आणि फिलर गेज लावलं तर हेड मध्ये किंचित खोलगट झालेलं. फेसिंग करावंच लागणार होतं. पण किती? इथे माझं गणित कामाला आलं. ५५० सीसीच्या सिलेंडरला ६.९ कॉम्प्रेशन हवं तर वर सुमारे ९३ सीसी जागा उरली पाहिजे. ७.४ हवं तर ८६ सीसी. फरक सात सीसीचा, चहाचा दीड चमचा! विलीस ७.४ चं हेड उंच प्रदेशांसाठी द्यायची, कारण तेव्हाचं पेट्रोल कमी ऑक्टेनचं होतं, सपाटीवर इंजिन ठोकायचं. आजच्या पेट्रोलला ७.४ म्हणजे काहीच नाही. इंजेक्शनच्या सिरिंजने रॉकेल भरून हेडमधल्या चारही जागा मोजल्या. त्यांच्यात तीन-चार सीसीचा फरक होता. चौघांना सारखं केलं आणि फेसिंग हेड सरळ होण्यापुरतंच घेतलं. आणखी घासून हेड पातळ करण्यात शहाणपण नव्हतं.

पाचवं, आणि हे बरेच जण विसरतात: या इंजिनाचे अर्धे व्हॉल्व हेडमध्ये नाहीतच. तिसरा सिलेंडर मेला होता तो ब्लॉकमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्वमुळे. कडेला जळून चंद्रकोरीसारखा तुकडा उडालेला. चार नवीन व्हॉल्व आणले, पेस्ट लावून शेडमध्येच बसून हाताने घासले. दोन संध्याकाळी गेल्या. मामा येऊन बघून जायचा, काही बोलायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याने न सांगता चहा आणून ठेवला.

मग सगळे डिझेलकडे का गेले?

त्या चहावर मामाने विचारलं, "पण मग लोकांनी पेट्रोल सोडलं का?" प्रश्न रास्त होता. गावातल्या बाकी सगळ्या जीप कधीच डिझेल झाल्या होत्या.

१९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं आणि काही महिन्यांत कच्चं तेल चौपट महाग झालं. शेतकऱ्याला पेट्रोल जीप परवडेना. १९७५ च्या सुमारास महिंद्राने डिझेलकडे वळण घेतलं. आणि पुन्हा तीच गोष्ट! नवीन इंजिन नाही, घरातलंच. १९६३ मध्ये त्यांची इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी झाली होती, त्यातून बी-२७५ ट्रॅक्टर आला होता. गावाकडे अजून लोक त्याला "इंटरनॅशनल" म्हणतात. त्याच ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसलं.

१९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून २,११२ सीसीच्या डिझेल इंजिनाचा परवाना आला. कसारा घाट चढून वर आलं की इगतपुरीत महिंद्राचा इंजिनांचा कारखाना लागतो. त्र्यंबक, वणी, पेठच्या काळी-पिवळी जीपमध्ये तुमच्या आई-बाबांनी जो प्रवास केलाय, त्यात या प्यूजो इंजिनाची घरघर नक्की असणार. आणि त्या इंजिनाच्या हेडमध्ये होता रिकार्डो! डिझेल आधी हेडमधल्या छोट्या गोल कप्प्यात पेटवायचं, तिथून ज्वाळा सिलेंडरमध्ये. या कप्प्याचं डिझाइन, नाव कॉमेट, त्याच हॅरी रिकार्डोचं. चाल गुळगुळीत, पण कप्प्याच्या भिंतींत उष्णता वाया जाते. म्हणून निफाडच्या थंडीत चावी फिरवून हीटर तापायची वाट बघत बसावं लागायचं.

पुढचा टप्पा म्हणजे तो कप्पाच काढून टाकणं आणि डिझेल थेट पिस्टनवरच्या खळग्यात मारणं. यालाच डायरेक्ट इंजेक्शन म्हणतात. "कमांडर ६५० डीआय" मधलं डीआय म्हणजे हेच. ढोबळमानाने दहा-पंधरा टक्के डिझेल वाचतं. या महिंद्रा इंजिनाची बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. विचित्र आकडे वाटतात ना? इंचात करा: साडेतीन आणि चार. हे इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनाचं माप. धड ट्रॅक्टरच्या घराण्यातलं ठेवलं, जळण्याची पद्धत बदलली. पुढे टर्बो लावून हेच इंजिन बोलेरोपर्यंत पोहोचलं.

मामा गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे कंपनीपण तेच करत होती, जे तू करतोयस." मी म्हटलं, मामा, उलटं. ते जे करत होते तेच मी करतोय.

सावळघाट

दिवाळीच्या आठवडाभर आधी हेड चढवलं. टॉर्क रेंच चाचांनी उसना दिला. कार्बोरेटरखालचा बोल्ट या वेळी विसरलो नाही. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा धूर, ठकठक, रॉकरचं सेटिंग चुकलेलं. दोनदा परत केलं. मग कॉम्प्रेशन मोजलं, चारही सिलेंडर १२० च्या आसपास. एकूण खर्च २३,४००. यात रिंगा, व्हॉल्व, गाइड, गॅस्केट, फेसिंग आणि सीट कटिंग सगळं आलं. माझे आणि मामाचे तास धरलेले नाहीत.

नव्वद हॉर्सपॉवर झाले का? नाही हो. बहुतेक कारखान्यातून निघाली तेव्हा होते तेवढेच, फार तर थोडे जास्त. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीला मुळात वेगळं काही नको होतं. तिचा श्वास जिथे अडकला होता ती जागा मोकळी करायची होती. रूसने तेच केलं, इगतपुरीच्या घराण्यात तेच झालं. फरक एवढाच की त्यांनी मापं मोठी केली, आणि आम्ही ग्राइंडर वेळेत खाली ठेवला.

पाडव्याला पेठ रोडने निघालो. मामा स्टिअरिंगवर, आई शेजारी, मी मागे. सावळघाटात आजोबा शेवटी शेवटी पहिल्या गिअरमध्ये चढायचे आणि मागच्या गाड्यांना हात दाखवून पुढे जाऊ द्यायचे. मामाने चढ सुरू होताना सवयीने पहिला टाकला. मग थोडं पुढे जाऊन दुसऱ्यात घेतला. इंजिन कुरकुरलं नाही. वळणापाशी आई मागे वळून मला म्हणाली, "दादांनी ऐकायला हवा होता हा आवाज."

मामाने भंगारवाल्याचा नंबर अजून फोनमध्ये ठेवलाय. म्हणतो, असू दे, पाइप वगैरे विकायला लागतात.

तुमच्या घरी, गावाकडे, शेडमागे असं काही उभं असेल तर विकायच्या आधी एकदा कॉम्प्रेशन मोजा. आणि हेड निघत नसेल तर हातोडा घेण्याआधी कार्बोरेटरच्या भोकात बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.